चाळीस पोती

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत अण्णांची फौंड्री गेली चौतीस वर्षे चालू आहे. त्यांच्या टेबलाच्या उजव्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही असते. पिग आयर्न, भंगार, फेरोसिलिकॉन, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी, सिलिका वाळू यांपैकी काय किती शिल्लक आहे, हे त्या वहीत लिहिलेले असे. पण ती उघडण्याची वेळ क्वचितच येई. सकाळी गोदामातून एक फेरी मारली की पोत्यांच्या थप्प्या पाहूनच कोणता माल शुक्रवारपर्यंत पुरेल आणि कोणता बुधवारी संपेल, हे अण्णा सांगत. दुपारी दोन-तीन फोन होत, संध्याकाळी टेम्पो दारात उभा राही. खरेदी म्हणजे एवढेच होते.

काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने ईआरपी प्रणाली बसवून घेतली. उत्पादन, साठा, विक्री आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारी ही व्यवस्था. तिच्या मुळाशी असलेला विचार जुना आहे. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात तो सविस्तर मांडला होता. तयार मालाची मागणी आधी निश्चित करावी आणि तिथून उलट मोजत यावे : अमुक तारखेला इतके नग द्यायचे, तर कोणता कच्चा माल, किती आणि केव्हा हाताशी हवा? अण्णा हाच हिशेब थप्प्यांकडे पाहून मनात करीत; यंत्र तो लिहून करू लागले.

पुढे खरेदीसाठी आणखी एक व्यवस्था आली. पुरवठादारांकडून दर मागवणे, त्यांची तुलना करणे, सर्वांत योग्य दराला खरेदी आदेश पाठवणे, ही कामे करणारा तो ऑनलाइन मंच होता. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी उत्तम होत्या. फक्त एकीचे दुसरीला ठाऊक नव्हते. कार्यालयातील दिवाणजी ईआरपीतील मागणी वाचून तीच पुन्हा मंचावर टंकित आणि मंचावरचा आदेश परत ईआरपीत. दुहेरी कष्ट आणि दुहेरी चुका. या दोन्ही जोडण्याचे काम धाकट्या सुनेकडे आले. लग्नापूर्वी तिने पुण्यातील एका कारखान्याच्या खरेदी विभागात चार वर्षे काम केले होते.

जोडणीचे तंत्र तिला अवघड वाटले नाही. एका प्रणालीने ठरावीक नमुन्यात निरोप द्यायचा, दुसरीने तो त्याच नमुन्यात घ्यायचा. त्यासाठी लागणारी दारे दोन्ही कंपन्यांनी आधीच ठेवलेली होती. सहा आठवड्यांत निरोप येऊ-जाऊ लागले. घरात पेढे वाटले गेले.

आठव्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो आला आणि त्यातून बेंटोनाइटचे एकच पोते उतरले.

साचे घडवण्याच्या वाळूला चिकटपणा येतो तो या बेंटोनाइट मातीमुळे. ती नसेल तर साचा उभा राहत नाही, आणि साचा नसेल तर वितळलेले लोखंड ओतायचे कशात? ईआरपीत हा माल पोत्यांच्या हिशेबाने नोंदलेला होता, मंचावर किलोच्या. एका पोत्यात पन्नास किलो माल असतो, हे दोन्ही प्रणालींना कोणी सांगितलेच नव्हते. ईआरपीने चाळीस मागितले. मंचाने चाळीस किलो मागवले. आदेशाची रक्कम इतकी किरकोळ होती की ती मंजुरीच्या मर्यादेखाली राहिली आणि कोणाच्याही नजरेखालून गेली नाही. मोठी चूक पकडण्यासाठी बांधलेल्या कुंपणातून ही चूक लहान दिसल्यामुळे निसटली.

सून कार्यालयात मान खाली घालून बसली होती. अण्णा तिला काही बोलले नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि तात्यांना लावला. तात्यांचा माती व कोळसा दळून पोत्यांत भरण्याचा छोटा कारखाना आहे. सव्वीस वर्षे ते या फौंड्रीला माल देत आले होते. मात्र मंचावरचा नोंदणी अर्ज त्यांच्याकडून भरला न गेल्याने दोन महिन्यांपासून त्यांच्याकडे दर मागवलाच जात नव्हता. तात्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. दुपारी तीनच्या आत चाळीस पोती दारात उतरली.

आता नवाच पेच उभा राहिला. खरेदी आदेश नसल्यामुळे प्रणाली मालाची आवक नोंदवून घेईना. खरेदी आदेश, प्रत्यक्ष आलेला माल आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत, असा तिचा दंडक. दंडक चांगलाच आहे. वहीच्या काळातही चलन आणि बिल ताडून पाहिल्याशिवाय रक्कम नावे पडत नसे. तात्यांचे नाव मंचावर चढवण्यासाठी सुनेने त्यांचा जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी आणि बँक खाते मागवून घेतले. जुना व्यवहार जोडावा म्हणून त्यांची खतावणी उघडली. संध्याकाळी ती कागद घेऊन अण्णांकडे गेली.

“अण्णा, तात्यांचे पैसे आपण किती दिवसांनी देतो?”

“महिन्या-दीड महिन्यात. आपला व्यवहार कसा आहे, ते साऱ्या पेठेला ठाऊक आहे.”

तिने कागद पुढे ठेवला. गेल्या तीन वर्षांची सरासरी एकशे बारा दिवसांची होती. त्याच यादीत, रोज फोन करून तगादा लावणाऱ्या एका मोठ्या पुरवठादाराला तेविसाव्या दिवशी पैसे पोचत होते.

अण्णा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. त्यात लबाडी कुठेच नव्हती. जो मागतो त्याला आधी द्यावे लागते. जो मागत नाही त्याचे पुढच्या आठवड्यावर जाते, आणि असे कितीतरी आठवडे निघून जातात. वहीत प्रत्येक रक्कम बिनचूक होती. फक्त दोन तारखांमधले अंतर कोणी मोजले नव्हते.

सुनेने कायद्याची बाजूही सांगितली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि लेखी करार करूनही ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम जोडले. त्यानुसार मुदत टळलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल, त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते.

“तात्या काही तक्रार करणार नाहीत,” थोरला मुलगा म्हणाला.

“म्हणूनच द्यायचे,” अण्णा म्हणाले. “लेखी करार करा. तीस दिवसांचा.”

त्यानंतरचा महिनाभर रोज संध्याकाळी अण्णा आणि सून मालाची यादी घेऊन बसत. एकाच बेंटोनाइटची सात नावे निघाली : ‘बेंटो’, ‘पिवळी माती’, ‘माती कच्छ’, ‘तात्यांची माती’ आणि इतर तीन. ‘काळी पावडर’ म्हणजे कधी कोळशाची भुकटी, तर कधी ग्राफाइट. कोणत्या दिवाणजीने कोणत्या वर्षी कशाला काय म्हटले, हे अण्णांखेरीज कोणालाही सांगता आले नसते. सून एकेक नाव कायम करी, मोजमाप लिही, एक पोते म्हणजे किती किलो ते नोंदवी. जुने नाव पुसण्याआधी अण्णा त्यामागची हकिकत सांगत. प्रणाली जोडायला सहा आठवडे पुरले होते. त्यांना एकच भाषा शिकवायला हा पाचवा आठवडा चालू होता. मंजुरीचा नियमही तिने बदलला. आता रक्कम लहान असली तरी मागणी नेहमीच्या प्रमाणाहून फार कमी वा फार अधिक असेल, तर आदेश थांबतो आणि माणसाकडे येतो.

तात्यांची जुनी बाकी एकदम चुकती झाली. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः फौंड्रीत आले. टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले.

“अण्णा, माझ्या मालात काही खोट निघाली का?”

“का बरं?”

“सगळा हिशेब मिटवलात. वाटलं, खातं बंद करताय.”

अण्णांना चटकन उत्तर सुचेना. वेळेवर दिलेले पैसे पाहून ज्या माणसाला संबंध तुटल्याची भीती वाटली, तो इतकी वर्षे काय गृहीत धरून माल देत आला असेल? अखेर ते उठले आणि खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, “खोट आमच्या हिशेबात होती, तात्या. बसा.”

चहा झाल्यावर सुनेने तात्यांच्या मोबाईलवर मंचाचे पान उघडून दिले : आदेश इथे दिसेल, पैसे मिळण्याची तारीख इथे. तात्यांनी चष्मा सावरून ती तारीख दोनदा वाचली.

पुढच्या आठवड्यात पहिला आदेश त्याच वाटेने गेला आणि माल आला. सुनेने पोती मोजली, मग चलन हातात घेतले. त्याच्या कोपऱ्यात तात्यांनी पेनाने लिहिले होते : पोती ४०, वजन २००० किलो.