ओले-कोरडे

वार्षिक अंकासाठी लेख मागितला की आम्हां विद्यार्थ्यांच्या लेखण्या ठरलेल्या वाटांनी चालू लागतात. कुणी पहिल्या पावसावर लिहितो, कुणी आईवर, कुणी एस.टी.च्या खिडकीवर. माझा विषय यांपैकी कशातच बसत नाही. फार तर पावसाशी त्याचे लांबचे नाते आहे, म्हणजे ओलेपणापुरते. कुत्र्याची लहान पिल्ले रात्रभर कोरडी कशी राहतील, या एका प्रश्नाने आमच्या घरातल्या सहा माणसांची झोप कित्येक आठवडे उडवली होती. हा विषय वाङ्मयीन नाही हे मान्य. पण ललित निबंधाला कोणताही विषय वर्ज्य नाही, असे आम्हांला वर्गातच शिकवले गेले आहे. शिकवणाऱ्या सरांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी चाफा आणि चांदणे असावे, तरट आणि मूत नसावे, एवढेच.

आमची वस्ती तळेगाव ढमढेरे गावापासून दोनेक किलोमीटरवर, वेळ नदीच्या अंगाला. तिन्ही बाजूंना ऊस. चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यात आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. वर्ष-वर्ष, दीड-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसाइतका दाट आडोसा त्याला दुसरा कोणता मिळणार? त्यात त्याची मादी विते, पिल्ले वाढवते. आपल्याकडे त्याला सरसकट ‘वाघ’च म्हणतात. हा वाघ जगतो कशावर, याचा शोध अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून घेतला. तो अभ्यास २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला आहे. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शंभरात एकोणचाळीस! आमच्या आजीला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “त्येला शिकायला कशाला पायजे? राणीला ईचार.”

राणी ही आमची कुत्री. गोठ्यात गव्हाणीखाली व्यालेली. पिल्ले जेमतेम पाच आठवड्यांची असताना एका रात्री ती भुंकली, आणि मग भुंकायची एकदम थांबली. सकाळी गोठ्यामागच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते. कुत्र्याच्या पंजाला नखांचे ठसे दिसतात. या पंजांना नखे नव्हती. तात्यांनी ते पाहिले आणि काही न बोलता दोन पाट्या माती आणून वर टाकली. मागे दोन पिल्ले राहिली, एक नर आणि एक मादी. नराचे नाव दादाने वाघ्या ठेवले. ज्याला वाघापासून लपवायचे त्याचेच नाव वाघ्या! मादीचे नाव चिमी.

आता त्यांना रात्री बाहेर ठेवणे म्हणजे ताट वाढून ठेवणे. घरात घ्यावे तर आजीचा विरोध. आजी खंडोबाची भक्त. जेजुरीच्या देवाच्या पायाशी कुत्रा चालतो, वाघ्या-मुरळीच्या जागरणात वाघ्या कुत्र्यासारखा भुंकलेलाही चालतो. पण तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कुत्रे चालत नाही. शेवटी काकूंनी मध्यस्थी केली आणि तह झाला. पिल्लांनी रात्री मधल्या खोलीत राहावे. पण आठवड्याभरात घर ओले करायचे थांबले नाही, तर पुन्हा गोठ्यात. हा तह पिल्लांना वाचून दाखवण्यात आला नव्हता.

शहरातली मंडळी कुत्र्यासाठी तारेचा पिंजरा विकत आणतात आणि पिल्लाला त्यात झोपायची सवय लावतात. त्याला ते ‘क्रेट’ म्हणतात. आमच्याकडे क्रेटचे झाले कॅरेट, आणि ते असते टोमॅटोचे. जाळीदार, धुता येणारे, वारा खेळणारे. एका कॅरेटावर दुसरे पालथे घालून सुतळीने बांधले की झाला पिंजरा. आजीला त्यात नवल वाटले नाही. कोंबडी डालतात, करडे डालतात, तशी पिल्ले डालायची. ‘डालणे’ हे क्रियापद ज्या भाषेत आहे तिला ‘क्रेट ट्रेनिंग’ कुणी शिकवायला नको. फरक एवढाच की डालग्याखालच्या करडाने भुई ओली केली तर कुणी त्याचा जाब विचारत नाही.

पिल्लू मुळात घाणेरडे नसते, उलट आहे. अगदी कोवळ्या पिल्लाला स्वतःहून लघवीही करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि आईच ती चाटून साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत असे चालते. मग पाय फुटतात तसे पिल्लू झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागते. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षे पिल्ले पाहिली आणि १९६५ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला; त्यात हे टिपलेले आहे. पुढे आठ-साडेआठ आठवड्यांच्या सुमारास ते आपली ठराविक जागा धरते. लांडग्यांचेही तसेच, दौंड-सासवडकडच्या माळावर आजही लांडगे आहेत आणि त्यांची पिल्ले बिळात वाढतात. झोपायची जागा कोरडी ठेवावी ही ओढ अशी मुळातलीच आहे. कॅरेटाचा सारा उपयोग या ओढीवरच उभा आहे. म्हणून तो फार मोठा असून चालत नाही. पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून झोपता यावे, एवढाच. त्याहून मोठा असला की ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्याचे न्हाणीघर करते.

पण ओढ असणे वेगळे आणि ऐपत असणे वेगळे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. साधारण तितके तास ते धरून ठेवू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. झोपेत थोडे जास्त. दीड महिन्याच्या पिल्लाचे होतात अडीच तास. रात्र आठ तासांची. उरलेल्या साडेपाच तासांचा जाब त्या मुठीएवढ्या जिवाला विचारण्यात काय अर्थ? तात्यांना हे पटेना. पहिल्या दोन सकाळी त्यांनी वाघ्याची मान धरून त्याचे नाक ओल्या तरटावर घासले. तात्यांपुढे बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. पण मी बोललो. चार तासांपूर्वी केलेल्या गोष्टीची शिक्षा पिल्लाला त्या गोष्टीची वाटतच नाही. ते फक्त माणसाला भ्यायला शिकते, आणि मग माणसासमोर लघवी करायचेच टाळते. बाहेर नेले तरी करत नाही, आत आले की खाटेखाली करते. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग उठायचं कुणी?”

सगळ्या शास्त्राचे सार या एका प्रश्नात होते.

पाळ्या लागल्या. दादा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, साडेबारापर्यंत जागाच असतो. पहिली पाळी त्याची. तीनची माझी. साडेपाचला आजी उठतेच, पण ती तहातली विरुद्ध बाजू. म्हणून ती पाळी आईने घेतली. जेवण रात्रीचे होते ते संध्याकाळी साडेसहाला आणले. आठनंतर पाण्याचे भांडे उचलायचे. मात्र ज्या दिवशी उकाडा असेल त्या दिवशी घोट-दोन घोट द्यायचेच, कारण कोरड्या तरटासाठी पिल्लू तहानेने तळमळावे हा व्यवहार बरा नव्हे. दहाला शेवटची फेरी, मग कॅरेट. उठवायचे ते पिल्लू रडायच्या आधी, आणि उचलूनच न्यायचे. जागे झालेले पिल्लू चार पावले चालले की वाटेतच मोकळे होते. दिवा मोठा लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, खेळायचे नाही. नाहीतर रात्री तीन ही खेळायची वेळ आहे असे त्याचे पक्के होते, आणि मग ते रोज तीनला हाक मारते.

आईने एक भर घातली. पिल्लू बसले की ती हळूच “शूऽऽ” म्हणायची. तान्ह्या पोरांना पायांवर धरून आया म्हणतात तसे. दहा-बारा दिवसांत नुसत्या आवाजावर पिल्ले बसू लागली. पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनाच्या संशोधनासाठी. घंटेवर लाळ गाळणारी त्याची कुत्री मानसशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचली आहेत. आईने ती वाचलेली नाहीत. तिने हा प्रयोग माझ्यावर आणि दादावर पूर्वीच करून पाहिला होता.

आता अडचणी. आजीच्या हुकमावरून पहिल्या रात्री दोघांना एकाच कॅरेटात घातले होते, भावंडे म्हणून. एकाने केले की दोघे भिजत, आणि कुणी केले ते कळत नसे. वेगळे केले तर दोघे मिळून असा आकांत करीत की शेजारची वस्ती जागी व्हावी. शेवटी दोन कॅरेटे जाळीला जाळी लावून ठेवली. नाकाला नाक लागले, आवाज थांबला. दुसरी अडचण गोमूत्राची. कॅरेट विटाळले म्हणून आजी रोज सकाळी त्यावर गोमूत्र शिंपडायची. आता ज्या जागेला मुताचा वास, ती जागा त्यासाठीच, अशी पिल्लाची समजूत. आणि आजी श्रद्धेने तोच वास तिथे पुन्हा पेरीत होती! तिला सरळ सांगायची सोय नव्हती. काकूंनी तोड काढली: कॅरेटे साबणाच्या गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात ठेवायची, ऊन हे सगळ्यांत मोठे सोवळे. आजीला हे पटले. खाली जाड वाकळ होती तीही काढली. जाड अंथरूण ओल पिऊन टाकते, पिल्लाला भिजल्याचे कळतच नाही. एकपदरी तरट बरे.

इतके करूनही चिमी ओलीच. वाघ्या पाच रात्रींत मार्गाला लागला आणि चिमी अर्ध्या-अर्ध्या तासाला थेंब-थेंब करी, करताना कण्हे. आठवडा संपत आला होता. “येक जाऊ दे गोठ्यात,” आजी म्हणाली. मी तिला पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, लघवी तपासली आणि सांगितले की मूत्रमार्गाला संसर्ग झाला आहे. मादी पिल्लांत हे अधिक दिसते. औषध दिले. चौथ्या दिवशी तिचे तरट कोरडे निघाले. जे पिल्लू शिकत नाही असे आपण म्हणतो ते कधी कधी आजारी असते, आणि ते सांगायला त्याच्याजवळ तरटाखेरीज दुसरा कागद नसतो.

राहता राहिला वाघ; आमचा वाघ्या नव्हे, दुसरा. एका रात्री तीनला मी वाघ्याला काखेत घेऊन दार उघडले. ओट्याची पायरी उतरणार तोच त्याच्या पाठीचे केस उभे राहिले. तो भुंकला नाही. अंग मात्र दगडासारखे झाले. उसाच्या कडेला पाचट वाजले, थांबले, पुन्हा वाजले. वारा नव्हता. मी तसाच मागे सरलो, दार लावले, आडणा घातला. तेवढ्यात सदऱ्यावरून गरम ओघळ खाली आला. कॅरेट कोरडे राहिले होते, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने ती रात्र कोरडीच धरली गेली. पण मला पहाटेपर्यंत झोप आली नाही. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरखेड-जांबुतकडे, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन लेकरे होती. रात्री पाळीने येणाऱ्या विजेसाठी पाणी धरायला जाणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यापुढे पिल्लाच्या लघवीसाठी अंगणात जाणे हा पोरखेळ. तो करू नये, असे तात्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पडवीच्या कोपऱ्यात विटांची चौकट लावली आणि तीत शेतातली माती भरली. पडवीला लोखंडी जाळी आहे, रात्री कुलूप असते. कागदावर किंवा फरशीवर सवय लावली तर पिल्लू पुढे कागद आणि फरशीच शोधते. मातीवर लावली तर मोठेपणी ते आपणहून मातीवर जाते. जुन्या जागेची मूठभर ओली माती आणून चौकटीत टाकली. वाघ्याने हुंगले, गोल फिरला आणि बसला. आईला “शूऽऽ” म्हणावेही लागले नाही. तात्या लांबून पाहत होते. “बेणं हुशार हाय,” एवढेच म्हणाले.

हे लिहीत असताना पिल्ले चार महिन्यांची झाली आहेत. टोमॅटोची कॅरेटे त्यांना पुरेनाशी झाली, म्हणून दादाने सुताराकडून फळ्यांचे मोठे खोके करून घेतले आणि मध्ये सरकती फळी घातली. वाढतील तशी ती मागे सरकवायची. साडेबाराची पाळी बंद झाली. दहाला निजलेली पिल्ले आता तीनपर्यंत सहज निघतात, कधी चारही होतात. माझी वार्षिक परीक्षा जवळ आल्यापासून तीनचा गजर मी लावत नाही. लावायची गरजही पडत नाही. तीनला मधल्या खोलीत खोक्याची कडी वाजते, पडवीकडे जाणारी पावले ऐकू येतात, आणि पाठोपाठ आजीचा दबका आवाज, “बस की गं चिमे, थंडी वाजतीया मला.”