फुकटचं प्यादं

'क्वीन्स गॅम्बिट'मधला बळी खरा बळी नसतोच, बॉस! पांढरा दुसऱ्याच चालीत सी४ वर प्यादं पुढे करतो. काळ्याने ते मारलं, तर पटाच्या मध्यावरचा त्याचा ताबा सुटतो. बी५ खेळून ते जपायला गेला, तर पांढरा ए४ने साखळीच फोडतो. म्हणून काळा ई६ खेळून चक्क 'नको' म्हणतो. किंमत? स्वतःच्याच प्याद्यामागे उंट कोंडतो. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कॅपाब्लांका आणि अलेखाइन ३४ डाव खेळले, त्यातले ३२ याच नकाराचे!

माझ्या फ्रीलान्सिंगवरून वाजल्यापासून बाबा माझ्याशी फक्त रविवारी, पटावरच बोलतात. यावेळी माझ्या कोंडलेल्या उंटाकडे बघत म्हणाले, "जागा कमी असली की मारामारी करून टाकावी. गर्दी हटते." मी घोड्याला घोडा दिला.

"या महिन्याचं भाडं भरलंस का गं?"