कॉटखालची पेटी

व्हायोलिन आणि फिडल यांत फरक काय, असं होस्टेलवर कुणी विचारलं की मी सांगते, वाद्य एकच! सिस्टरसमोर ताठ उभं राहून वाजवलं की व्हायोलिन, पाय आपटत वाजवलं की फिडल. कॉन्व्हेंटमध्ये मी सहा वर्षं व्हायोलिन शिकले. बारावीला सीईटीसाठी पेटी बंद केली. ती आता माझ्या कॉटखाली धूळ खात पडली आहे.

मागच्या सेमिस्टरला रूममेटने यू-टूचं 'संडे ब्लडी संडे' लावलं. कितीदा तरी ऐकलेलं गाणं, पण त्यात व्हायोलिन आहे हे त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं. वाजवणारा स्टीव्ह विकहॅम, डब्लिनचा. यू-टूचा गिटारिस्ट 'द एज' त्याला बसस्टॉपवर दिसला, तर पठ्ठ्याने सरळ विचारलं, तुमच्या अल्बममध्ये व्हायोलिन चालेल का? स्टुडिओत जेमतेम अर्धा दिवस मिळाला, पण १९८३ च्या 'वॉर' अल्बममध्ये तो कायमचा राहिला. नाहीतर आम्ही! डाउट विचारायलासुद्धा सरांच्या केबिनबाहेर तीन चकरा मारतो.

१९८५ मध्ये तो माइक स्कॉटच्या 'वॉटरबॉईज'मध्ये आला. त्याच्याच बोलावण्यावरून स्कॉट डब्लिनला गेला आणि दणदणीत रॉक वाजवणारा बँड फिडल-मँडोलिनकडे वळला. त्यातून १९८८ चा 'फिशरमन्स ब्लूज' झाला. त्यातली काही गाणी गॉलवेजवळच्या स्पिडल गावात, एका जुन्या घरात रेकॉर्ड झाली. १९९० मध्ये बँड परत रॉककडे निघाला, तेव्हा विकहॅमने बँड सोडला.

हे वाचून मला बरं वाटलं. चला, मोठी माणसंही सोडतात! पण पुढे कळलं की २००० मध्ये तो परत आला आणि त्यानंतर वीसेक वर्षं त्याच बँडमध्ये वाजवत होता. फिडलला डिस्टॉर्शन लावून गिटारसारखी गुरगुरायला लावणारी त्याची 'फझ फिडल' प्रसिद्ध आहे. म्हणजे त्याने बँड सोडला होता, फिडल नाही. मी तर वाद्यच सोडलं, आणि दोष सीईटीला देत बसले. सीईटी होऊन तीन वर्षं झाली की!

परवा पेटी उघडली. एक तार तुटलेली, रोझिनचा चुरा. उरलेल्या तीन तारांवर वाजवलं. शेजारच्या रूममधून आवाज आला, "अगं, दार लाव!"

दार लावलं. पेटी मात्र अजून उघडीच आहे.