मनगटापेक्षा मोठं

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यावर मला एक भारदस्त घड्याळ घ्यावंसं वाटलं. रोज वापरायचं आणि पुढं चिरंजीवांना द्यायचं! पारशिवनीहून एस.टी.नं नागपूर गाठलं, सीताबर्डीत शिरलो. दुकानदारानं 44 मिलिमीटरची स्विस तबकडी मनगटावर चढवली. मनगट दिसेनासं झालं. बाहीचं बटण लागेना. किंमत ऐकली. अहो, एवढ्या रकमेला आम्ही दोन जामीनदार मागतो!

"पिढ्यान् पिढ्या चालेल, साहेब."

"विचार करून येतो," म्हटलं आणि सटकलो.

तसं वडिलोपार्जित एक आहेच. अण्णांचं एचएमटी. बंगलोरचा तो कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं सुरू झाला. 2016 साली सरकारनं ती घड्याळ-कंपनी बंद करायचं ठरवलं, पण अण्णांच्या घड्याळाला तसं कोणी कळवलं नव्हतं. चावी दिली की चालायचं. दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं, इतकंच. अण्णा गेले आणि मी ते कपाटात ठेवून दिलं.

घरी येऊन चिरंजीवांना विचारलं, "तुला मोठं घड्याळ हवं ना रे?"

"कशाला? आजोबांचं आहे ना. मी रोज चावी देतो त्याला."

कपाट उघडलं. टिकटिक चालू होती. चार मिनिटं मागं.