रजिस्टरात नसलेला रकाना

पोस्ट जरा लांब आहे. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा.

अमेरिकेच्या लोकसंख्येत काळ्या लोकांचा वाटा साधारण १२-१३ टक्के. एचआयव्हीच्या नव्या निदानांत मात्र तो ४० टक्क्यांच्या आसपास. हे जगाला कळतं, कारण तिथलं सरकारी खातंच वंशानुसार आकडे मांडतं. आकडा हातात असला की भांडता येतं.

आपल्याकडे 'जोखमीचे गट' आहेत. वेश्याव्यवसायातल्या बाया, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, ट्रकवाले, स्थलांतरित मजूर. म्हणजे माणूस काय करतो याची नोंद. कुठल्या वस्तीत जन्मला म्हणून त्याच्यावर ते करायची वेळ आली, याला त्या यादीत जागा नाही.

मी सांगली जिल्ह्यातला तालुका पातळीवरचा पत्रकार. आमच्या भागाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या पोरी बहुतेक दलित वस्तीतल्या. पाटलाची पोर सोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. १९३४ ला मुंबई प्रांताने कायदा केला, १९८२ ला कर्नाटकाने, २००५ ला महाराष्ट्राने. तोवर कित्येकजणी सांगलीच्या गोकुळनगरात नाहीतर मुंबईत कामाठीपुऱ्यात पोचल्या होत्या. रोग आला तेव्हा त्याला रस्ता शोधावा लागला नाही. तो जातीने आधीच आखून ठेवला होता.

गेल्या पावसाळ्यात गोदामातल्या मजुरांवर बातमी करायला कॉटन ग्रीनला गेलो होतो. स्टेशनच्या एका अंगाला अभ्युदय नगर, दुसऱ्या अंगाला बंदराची जुनी गोदामं आणि उभे ट्रक. तिथे आमच्याच भागातले एक हमाल भेटले. वय साठीकडे झुकलेलं, मी त्यांना मामा म्हणायला लागलो. गावाची ओळख निघाली, चहा झाला, मग हळूहळू बोलले. १४ वर्षं गोळ्या चालू आहेत.

म्हटलं, "मामा, गोळ्या तर फुकट मिळतात ना?"

"गोळी फुकट हाय पाव्हणं. खाडा फुकट न्हाई."

गोळ्या आणायचा दिवस म्हणजे मजुरी बुडाली. मुकादमाला कारण सांगायचं, तेही खोटं. गोळ्यांचा डबा खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. कोणी विचारलं तर 'शुगरच्या हायत'. खरं सांगितलं तर काय होईल, विचारलं. म्हणाले, "पाण्याची कळशी येगळी करतील. गावात ती आदीच येगळी हुती. हितं येऊन कुटं एक झाली, ती पुन्यांदा कशाला मोडू?"

या वाक्यावर मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

हा सगळा पूर्वेचा पट्टाच बघा. पुढचं स्टेशन शिवडी, तिथे टीबीचं हॉस्पिटल. त्यापुढे वडाळा, तिथे १८९० चं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय त्याच आवारात. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा डांबून ठेवायचा तो फक्त निर्धन रोग्यांना. पैसेवाल्याला तोच रोग घरात बसून भोगता यायचा.

काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. १९९७ मध्ये एका हंगामी मजुराने एचआयव्हीमुळे काम नाकारणाऱ्या सरकारी कंपनीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात केस जिंकली. स्वतःचं नाव मात्र लावता आलं नाही, निकालात तो 'एमएक्स' आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषध मोफत. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, भेदभावाला कायद्याने बंदी आली. पण उपचार पुरवण्याच्या कलमात 'शक्य तितपत' हे शब्द शिल्लक राहिले. ते कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको.

खिडकीवर जात विचारावी असं माझं म्हणणं नाही, त्याने माणसं आणखी पळतील. नाव न घेता पाहणी करता येते, तेवढी तरी करा. आणि रोजंदारीवाल्यांसाठी खिडकी संध्याकाळी किंवा रविवारी उघडी ठेवा.

कामासाठी शहर बदललेल्या कोणाच्या गोळ्या सुटल्या असतील तर केंद्र बदलून घेता येतं. १०९७ हा फोन मोफत आहे.