आखाड्याची माती

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत कुस्तीच्या आखाड्यासाठी माती निवडणे अवघड ठरते, कारण येथील शिवारात हाताशी असते ती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते. ते पाण्याने फुगते, सुकल्यावर आक्रसते, आणि त्यामुळे पावसाळ्यात अंगाला लिंपून बसणारी तीच माती वैशाखात भेगाळते आणि तिची टणक ढेकळे होतात. कापूस-तुरीला पोसणारा हा गुण पाठीवर आदळणाऱ्या मल्लाच्या मात्र मुळावर येतो.

म्हणून तांबडी मातीच शोधावी लागते. उदगीरच्या पलीकडे बिदरच्या पठारावर जांभ्याचा, म्हणजे लोहयुक्त सच्छिद्र खडकाचा, थर आहे. त्याच्या मातीत न फुगणारे केओलिनाइट अधिक असल्याने ती पाणी पिऊनही मोकळी राहते. तरीही आणलेली माती हे केवळ कच्चे द्रव्य होय. ती चाळून खडे, मुळ्या, काचा काढायच्या, हौदात, म्हणजे आखाड्याच्या खोलगट भागात, तिचा जाड थर द्यायचा आणि मग तेल, ताक, लिंबाचा रस, हळद व कापूर मिसळत ती दिवसेंदिवस खालीवर करायची. तेलाने धूळ बसते आणि माती मऊ राहते. हळद-लिंबाने खरचटलेली कातडी चिघळत नाही, असे तालमीत मानतात. माती तयार झाली की नाही हे मुठीत कळते: दाबल्यावर तिचा लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने तो फुटलाही पाहिजे. लाडू वळलाच नाही तर पाणी कमी, फुटला नाही तर चिकण जास्त.

आखाड्यात पायाला पकड आणि पडणाऱ्याला माया, दोन्ही एकाच थरातून मिळवायची असतात, आणि या कामाची खरी कसोटी तेथेच आहे.

लातूरला कुस्तीचा वारसाही आहे: १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी या राज्यस्तरीय कुस्ती स्पर्धेचे अधिवेशन येथे भरले आणि निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार किताबाचे मानकरी ठरले. आज त्याच स्पर्धेत माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग आहेत, आणि ऑलिंपिकची कुस्ती तर गादीवरच होते, त्यामुळे तालमीला गादी हवीच. पण मातीत पाय रुतवून ताकद लावण्याची सवय गादी देत नाही, म्हणून हौद बुजवून त्यावर गादी अंथरणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

हौद राखायचा तर पाण्याचाही विचार हवा: ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हौदावर रोज पाणी शिंपडणे गृहीत धरता येत नाही. तेव्हा मातीवर खर्च करण्याआधी हौदावर छप्पर घालावे आणि उन्हाची बाजू भिंतीने अडवावी, म्हणजे सकाळी खणताना दिलेली ओल संध्याकाळच्या सरावापर्यंत टिकते.