फुले टिपताना

वाचकहो, आपल्या घरी छायाचित्रांचा एखादा संग्रह असेलच. त्यात लग्नामुंजींची, बारशांची, यात्रांची चित्रे असतील. माझ्या घरी असा एक संग्रह आहे, की ज्यात माणूस एकही नाही. वर्षभराची फुले तेवढी आहेत. मात्र त्याच्या पहिल्याच पानावरचे चित्र सदोष आहे. ते मी मुद्दाम तेथे लावले आहे. का, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे.

मी साताऱ्याचा राहणारा. आमच्या गावापासून सुमारे २५ किलोमीटरांवर कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत याचाही समावेश आहे. उन्हाळ्यात तेथे गेलात तर आपली निराशा होईल. जांभ्या दगडाचा उघडा सडा आणि वर मातीचा इतका पातळ थर, की मोठ्या झाडाला मूळ धरता येऊ नये. परंतु पावसाळा ओसरू लागला, भाद्रपद आला, की त्याच सड्यावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग पसरतो. या सीतेच्या आसवांचे नाव जितके करुण, तितकीच ती वनस्पती चतुर. कातळावरील निकस मातीत पुरेसे पोषण नाही, म्हणून ती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडून त्यांवर निर्वाह करते.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका भाद्रपदात मी कॅमेरा घेऊन तेथे गेलो. हे फूल हाताच्या नखाएवढे. उभ्याने टिपावे तर नुसता रंगाचा ठिपका दिसतो. म्हणून मी सरळ पालथा पडलो, कोपरे टेकली आणि मनासारखे चित्र मिळेपर्यंत तसाच राहिलो. घरी येऊन मोठ्या अभिमानाने ते चित्र आईपुढे ठेवले.

आईने चष्मा लावला, चित्र न्याहाळले आणि कौतुकही केले. मग चित्राच्या कडेवर बोट ठेवून तिने विचारले, "आणि हे काय रे आडवे पडले आहे?"

माझ्या कोपराखाली दबलेले देठ चित्रात आले होते.

"एका फुलासाठी किती फुले निजवलीस?" ती म्हणाली.

मला राग आला. मी म्हटले, "तू नाही का रोज देवासाठी फुले तोडत?"

"तोडते, पण मोजून तोडते, आणि झाडावर उद्यासाठी ठेवून तोडते. तू मोजली होतीस का?"

मजजवळ उत्तर नव्हते. पुढे वनस्पतींविषयी थोडे वाचन झाले, तेव्हा तिच्या प्रश्नाचे वजन अधिकच कळले. सड्यावरील यांतील बहुतेक रोपे एका पावसाळ्याची सोबती. रुजणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे त्यांना काही महिन्यांतच उरकावे लागते. बी धरण्यापूर्वी रोप चिरडले, तर त्याची पुढच्या वर्षीची फुलेही आपण आजच चिरडलेली असतात.

त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याचा अभ्यास अंगणापासून पुन्हा सुरू केला. वैशाखात मोगरा टिपताना उमगले, की भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या पाकळ्यांवरच्या बारीक रेषा पुसून जातात. ऐन पहाटे जावे, नाही तर फुलावर छत्री धरावी. श्रावणात कुंपणावर कळलावी फुलते. तिच्या पाकळ्या आरंभी पिवळ्या-हिरवट असतात आणि दिवसागणिक लाल होत जातात. एकाच फुलाकडे रोज गेल्यावाचून हे चित्रात येत नाही. शरदात प्राजक्त, त्याला तर तोडावेही लागत नाही, सडा पडलेलाच असतो. थंडीत शेवंती आणि तिच्यावरचे दव. फाल्गुनात पाने गळालेला पळस पेटल्यासारखा दिसतो आणि काटेसावरीवर मधासाठी पाखरांची गर्दी होते; तेव्हा झाडाखाली निमूट उभे राहावे, एवढेच आपले काम. प्रत्येक चित्राखाली मी तारीख आणि ठिकाण लिहितो. कोणते झाड कोणत्या वर्षी लवकर फुलले, कोणते रेंगाळले, याची ती घरगुती बखरच झाली आहे.

आपण इंदुरात असा, दिल्लीत असा की बंगळुरात, आपल्या अंगणात अगर सज्जातल्या कुंडीत हे सारे करता येईल. मोठ्या फुलोऱ्यांना जाण्याचा योग आला, तर तेथेही अवश्य जावे. मात्र ती फुले किती वर्षांची वाट पाहून आली आहेत, हे ध्यानात धरावे. २०१८ साली केरळात मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी फुलली. ती बारा वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरून जाते. आमच्या कासची टोपली कारवीही सात वर्षांनी बहरते. तेथे आपले एक पाऊल चुकीचे पडले, तर ते नेमके किती वर्षांवर पडले, याचा हिशेब आपणच करावा.

आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. आई गौरी म्हणून तेरड्याचीच रोपे घरी आणीत असे, तीही मोजून. आई आता नाही. तिची फुलांची परडी देवघराशेजारी आहे, आणि तिने बोट ठेवलेले ते चित्र संग्रहाच्या पहिल्या पानावर आहे. दर भाद्रपदात मी कासला जातो. पायवाटेवर किंवा उघड्या खडकावर जेथे गुडघा टेकण्यापुरती जागा असेल, तेथूनच टिपतो. पुष्कळदा हवे ते फूल दूरच राहते. मग ते नुसते पाहतो आणि परत येतो.

आपणही या वर्षी फुले टिपाल. चित्र पाहताना आधी कडा पाहा, एवढीच विनंती.